शीड उतरल्यावर

वाचावयाचे शास्त्रभाग : मार्क ६ : ४५–५२, प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ आणि २८ : १–१०



सोनईच्या माळावरून समुद्र दिसत नाही. आपल्या बाजूचे मोठे पाणी म्हणजे एक मुळा धरणाचे आणि दुसरे पैठणच्या नाथसागराचे. समुद्रावरची शिडे पाहावयाची तर सह्याद्रीचा घाट उतरूनच जावे लागते. असे असता नेवासे तालुक्यातील मंडळ्यांपुढे शिडांविषयी प्रवचन कशासाठी, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्त आहे. त्यास उत्तर इतकेच की, समुद्र जरी आपल्याकडे आला नाही, तरी त्याची तसबीर मात्र घरोघर आली आहे. नाताळच्या अगर उन्हाळ्याच्या सुटीत आपली मुलेमाणसे अलिबागेस, हर्णैस, मालवणास जातात. नोकरीनिमित्त मुंबईस राहणारे आप्त अपोलो बंदरावर फिरावयास जातात. आणि सूर्य पुरता बुडण्यापूर्वीच, दूर पाण्यावर एक पांढरे शीड, मागे तांबूस आकाश, असा फोटो इकडे ओट्यावर बसलेल्या आजीबाईंच्या हातातील मोबाइलवर येऊन पोहोचतो. आजीबाई तो डोळ्यांजवळ धरून पाहतात, देवाची करणी अगाध आहे असे म्हणतात, आणि मोबाइल नातीस परत देतात.

ह्यात वाईट काही नाही, हे मी आरंभीच सांगून टाकतो. आपल्या काही वडील उपदेशकांस करमणुकीचे नाव निघाले की कपाळास आठी घालण्याची सवय आहे. परंतु काठावर उभे राहून तारवे पाहण्याचा आनंद शास्त्राने कोठेही निषिद्ध ठरविलेला नाही. उलट १०४ व्या स्तोत्राचा कर्ता देवाच्या कृत्यांची गणना करीत असता समुद्राकडे वळतो आणि त्यात संचार करणाऱ्या तारवांचाही तेथे उल्लेख करितो. नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात आगूर नावाचा ज्ञानी मनुष्य आपल्या बुद्धीस न उमगणाऱ्या गोष्टी सांगतो. त्यांत गरुडाचा आकाशातील मार्ग आहे, आणि भर समुद्रातील तारवाचा मार्गही आहे. पाण्यावरून तारू गेले, मागे काहीच खूण राहिली नाही. हे पाहून तो शहाणा मनुष्य थक्क झाला. त्याच्या हाती कॅमेरा असता तर त्यानेही तो उचलला असता, असे मला वाटते.

पण त्याच स्तोत्रसंहितेत आणखी तीन पाने उलटून १०७ वे स्तोत्र काढा. तेथेही तारवे आहेत. मात्र कवी आता काठावर नाही. तो तारवावरच्या लोकांबरोबर लाटेवर चढतो आणि खाली कोसळतो. मद्यप्याप्रमाणे झोकांड्या खाणारी माणसे, संपून गेलेली अक्कल, संकटात फोडलेला टाहो, आणि शेवटी इच्छिलेले बंदर, हे सर्व तेथे आहे. १०४ व्या स्तोत्रात तारवांस अर्धी ओळ पुरली. १०७ व्यात आठ वचने लागली. समुद्र तोच, तारवे तीच. पाहणारा कोठे उभा आहे एवढाच काय तो फरक, आणि आज त्या फरकाविषयीच मला तुमच्याशी बोलावयाचे आहे.

ज्यांनी शिडाचे तारू कधी पाहिले नाही त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर मचवे, पडाव, गलबते, फत्तेमाऱ्या अशी नाना प्रकारची तारवे केवळ वाऱ्यावर चालत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. मतलईवर पहाटे बाहेर पडावे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घर गाठावे, असा जुन्या दर्यावर्दी लोकांचा क्रम असे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात होड्यांस यंत्रे बसू लागली. आज कोळी, खारवी, गाबीत बांधवांच्या मासेमारीच्या बहुतेक होड्या यंत्रावरच चालतात. आता शीड दिसते ते बहुधा मुंबईच्या बंदरात, १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबासारख्या संस्थांच्या अगर नौदलाच्या नौकांचे. त्याच मुंबईहून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले, वाटेत चार बंदरे घेत पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परत आले, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. नऊ महिने ते प्रवासात होते. काठावरून त्यांस लोकांनी किती वेळ पाहिले असेल? जातानाचा एक तास आणि येतानाचा एक तास.

आता शिडाचा धर्म असा आहे की, ज्या दिशेकडून वारा येतो तिकडे तोंड करून तारवास सरळ जाता येत नाही. तांडेल आधी वारा एका अंगावर घेऊन तिरका जातो. मग तोंड फिरवितो आणि तोच वारा दुसऱ्या अंगावर घेऊन पुन्हा तिरका जातो. चार कोस पुढे जावयाचे तर पाच-सहा कोस पाणी कापावे लागते. प्रत्येक वळणास शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूस न्यावे लागते, आणि आपल्याकडील तिकोनी शीड ज्या लांब लाकडास बांधलेले असते ते लाकूड हलके नसते. दोर तळहात सोलून काढितात. हे सर्व चालू असता काठावरच्या मनुष्यास काय दिसते? एक पांढरा त्रिकोण सावकाश इकडून तिकडे आणि तिकडून इकडे डुलतो आहे; जणू कोणी श्रीमंत गृहस्थ हवा खावयास निघाला आहे. आरडाओरडा ऐकू येत नाही, घाम दिसत नाही, आणि ते तारू वाऱ्याशी झगडत घराकडे येत आहे हेदेखील कित्येकांच्या ध्यानात येत नाही.

कॅमेऱ्याच्या जन्मापासूनच ही गोष्ट त्याच्या अंगी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५६ आणि १८५७ साली काठावरून समुद्राचे व शिडांच्या जहाजांचे फोटो घेतले, ते जगभर गाजले. त्या काळच्या काचेच्या तावदानावर समुद्र नीट उमटला तर आकाश पांढरे फटक पडे, आणि आकाश उमटले तर समुद्र काळा होई. म्हणून ल ग्रे काही चित्रांत एका काचेवरचे आकाश आणि दुसऱ्या काचेवरचा समुद्र जोडून एकच तसबीर करीत असे. पाहणारे म्हणत, काय हे ढग! आणि ते ढग त्या समुद्रावर त्या दिवशी नव्हतेच. आजचा मोबाइलही एका क्षणी अनेक चित्रे घेऊन मनुष्यास आवडेल असे एक जुळवून देतो. हे कौशल्य आहे, लबाडी आहे असे मी म्हणत नाही. परंतु जे सुंदर तेवढे ठेवावे आणि जे गैरसोयीचे ते वगळावे, हा त्याचा ओढा आहे, आणि तो ओढा कॅमेऱ्यात आमच्या डोळ्यांतून शिरला आहे.

आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घ्या. समुद्रापासून इतक्या दूर, अजिंठ्याच्या लेण्यात, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या चिताऱ्याने एक जहाज रंगविले आहे. अलीकडे सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने व नौदलाने ठरविले की, त्या चित्रावरून तसेच जहाज खरोखर बांधावयाचे. तेव्हा अडचण ही पडली की, चित्रात डोलकाठ्या आहेत, चौकोनी शिडे आहेत, सुकाणूची वल्ही आहेत. पण पाण्याखालचा भाग नाही. चिताऱ्याने पाहिले तेवढे काढिले. खालचा आकार विद्वानांनी व कारागिरांनी तर्काने ठरविला, मद्रासच्या आय. आय. टी. संस्थेत नमुन्याची पाण्यात परीक्षा झाली, आणि केरळातील कुशल सुतारांनी एकही खिळा न ठोकता, काथ्याच्या दोरीने फळीस फळी शिवून गोव्यात ते जहाज सिद्ध केले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौण्डिण्य’ ह्या नावाने ते नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. चित्र पाहावयास एक घटका पुरते. ते चित्र पाण्यावर तरावे म्हणून दोन वर्षांचे काम लागले, आणि त्यातले बहुतेक, चित्रात जे नव्हते त्याविषयीचे होते.

आता मार्काच्या ६ व्या अध्यायाकडे या. पाच हजारांस भोजन मिळाले तो दिवस मावळला होता. प्रभु येशूने शिष्यांस मचव्यात बसवून पलीकडे पाठविले, लोकसमुदायास निरोप दिला, आणि प्रार्थना करावयास तो एकटाच डोंगरावर गेला. मार्क फार थोड्या शब्दांत देखावा उभा करितो : सांज झाली, मचवा सरोवराच्या मध्यभागी, आणि प्रभु एकटा जमिनीवर. म्हणजे प्रभूदेखील त्या सायंकाळी काठावरून पाहणाराच होता.

ते सरोवर केवढे होते? लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. आपला नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा त्याच्या दुपटीएवढा पसरतो. म्हणजे ज्यास शास्त्रात समुद्र म्हटले आहे तो आपल्या धरणाहून लहान. परंतु समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरांहून अधिक खाली, डोंगरांच्या कढईत बसलेला. डोंगरांवरून वारा खाली सुटला की ते पाणी एकाएकी खवळते. मचवा कसा होता ह्याचीही कल्पना आपणांस आता करिता येते. १९८६ साली दुष्काळाने पाणी हटले असता त्या सरोवराच्या चिखलात त्याच काळच्या सुमाराची एक होडी सापडली. आठ मीटरांहून किंचित लांब, सव्वादोन मीटरांहून किंचित रुंद; तीत डोलकाठीची जागा आहे, आणि तिच्या अंगावर दहा-बारा जातींच्या लाकडांची ठिगळे आहेत. मिळेल ते लाकूड घेऊन कोणी गरिबाने ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरिली होती. शिष्यांचा मचवा हीच होडी होता असे कोणी म्हणू नये. पण तसाच काहीसा असावा.

वारा समोरचा होता, म्हणून ते वल्ही मारीत होते. समोरच्या वाऱ्यात वल्ही मारणारे शीड उभे ठेवीत नाहीत. ते उतरवून गुंडाळून ठेवितात. उपदेशकांनी मंडळीस शिकविताना ही गोष्ट जरूर दाखवावी. त्या सायंकाळी प्रभूने पाहिले त्या मचव्यावर पाहण्यासारखे काहीच नव्हते. शीड नव्हते. एक काळा ठिपका, त्यात वाकलेल्या पाठी. त्याचा फोटो कोणी काढीत नाही. अलिबागच्या वाळूवर उभे असलेले शंभर लोक असल्या ठिपक्याकडे पाठ करून दुसरे शीड शोधतील. आणि मार्क म्हणतो की प्रभूने पाहिले ते नेमके हेच, की वल्ही मारता मारता त्यांच्या जिवाचे हाल होत आहेत. त्याने तारू पाहिले असे मार्क म्हणत नाही; त्याने त्यांचे कष्ट पाहिले असे म्हणतो.

मग रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, तो त्यांच्याकडे गेला. योहान लिहितो की इतका वेळ वल्ही मारून ते पंचवीस-तीस स्टेडियम, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर गेले होते. सायंकाळी पाहिले आणि पहाटे गेला, मध्ये एवढा वेळ का, हे मार्क सांगत नाही, आणि मीही काही जुळवून सांगणार नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांचे कर्ज फिटत नाही, ज्या विधवेचा मुलगा शहरात जाऊन पत्र पाठवीत नाही, त्यांस तो मधला वेळ माझ्याहून अधिक ठाऊक आहे. त्यांस इतकेच सांगतो : त्या अंधारात शिष्यांस तो दिसत नव्हता, परंतु त्यास ते सायंकाळपासून दिसत होते.

पाहणे दोन प्रकारचे असते ह्यास आपल्याच काळातील एक साक्ष आहे, ती मला फार बोलकी वाटते. नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून, कोठेही न थांबता, एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली व ३१ मार्च २०१३ रोजी ते परत पोहोचले. तेव्हाचे त्यांचे फोटो वर्तमानपत्रांतून सर्वत्र आले. पुढे २०१८ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाच्या एका शर्यतीत ते ‘थुरिया’ ह्या लहान नौकेतून फ्रान्सहून निघाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने नौका उलथीपालथी केली, डोलकाठी मोडली, आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. उठता येईना. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहर तेथून सुमारे १९०० सागरी मैलांवर. मॉरिशसहून उडालेल्या आपल्या नौदलाच्या विमानाने दोन दिवसांनी ती नौका शोधून काढिली आणि वरून तिचे फोटो घेतले.

ते फोटो मी छापलेले पाहिले. त्यांत शीड नाही. मोडकी काठी दोरांत गुंतून नौकेच्या अंगास लोंबकळत आहे, भोवती राखेच्या रंगाचे पाणी. मनुष्य तर दिसतच नाही, तो आत पडलेला आहे. सौंदर्याच्या दृष्टीने त्या चित्रास कोणी दमडी देणार नाही. पण ते ‘पाहा, किती छान’ असे म्हणण्यासाठी घेतलेले नव्हतेच. कोठे जावयाचे आहे आणि काय करावयाचे आहे हे मदतीस निघालेल्यांस कळावे म्हणून घेतलेले होते. दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरास, फ्रान्सचे ‘ओसिरिस’ नावाचे गस्तीचे जहाज तेथे पोहोचले व टॉमी वाचले.

ह्या हकीगतीत आणखी एक मनुष्य आहे, त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. ग्रेगर मॅकगकिन, आयर्लंडचा, त्याच शर्यतीतला. त्याच वादळात त्याच्याही नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या. आपण वाचलो, आता आपली सुटका कोण करील ती वाट पाहावी, असे त्याने म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. पण उरलेल्या लाकडांची व कापडाची कशीबशी एक डोलकाठी व शीड उभारून तो टॉमी यांच्या दिशेने निघाला. त्याच्याआधी ‘ओसिरिस’ पोहोचले हे खरे, आणि त्या जहाजाने नंतर त्यालाही उचलून घेतले. पण मोडक्या शिडाचे तोंड त्याने कोणत्या दिशेस केले, ते पाहा. ज्या मंडळ्या म्हणतात की आम्हीच गरीब, आमचीच डोलकाठी मोडलेली, आम्ही दुसऱ्यास काय देणार, त्यांनी ह्या आयरिश मनुष्याची गोष्ट वाचावी.

येथे मी कोकणचा किनारा सोडून सोनईच्या रस्त्यावर येतो, कारण आपलाही एक किनारा आहे.

सोनईस मुळा सहकारी साखर कारखाना आहे, आणि दिवाळीनंतर गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून येतात, पाथर्डी-शेवगावकडून येतात. मोळ्यांचा डोंगर रचलेली बैलगाडी, वर बसलेली बाई, तिच्या मांडीवर मूल, मागे मावळता सूर्य. सहलीच्या मोटारी रस्त्याच्या कडेस थांबवून लोक त्याचा फोटो घेतात, आणि तो फोटो शिडाच्या फोटोइतकाच सुंदर येतो, ह्यात संशय नाही. आपली तरुण मुलेही घेतात. ती भरलेली गाडी म्हणजे आपल्या माळावरचे शीड.

शीड उतरल्यावर काय असते? पहाटेच्या थंडीत फडात उतरलेले नवराबायकोचे जोडपे. त्या दोघांस मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जीव, पण हिशेबात एक. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, जी हंगामभर तोडूनही कधी कधी फिटत नाही. रात्री अवेळी गाडी भरावयास उठणे. पाचटाची अगर प्लॅस्टिकच्या कापडाची कोपी, जीत उभे राहता येत नाही. कोपीत धाकट्यास सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, जिचे नाव दूर कोठल्या तरी शाळेच्या पटावर आहे. ह्याचा फोटो घेण्यास कोणी मोटार थांबवीत नाही. आणि त्या कोप्या आपल्या काही प्रार्थनामंदिरांपासून हाकेच्या अंतरावर असतात. रविवारी आपण मार्काचा ६ वा अध्याय वाचतो, तेथून त्या दिसतात.

ह्या ठिकाणी कोणी म्हणेल, आमची मंडळी दर नाताळास तेथे घोंगड्या-चादरी वाटते. वाटते, आणि मी त्याचे फोटो पाहिले आहेत. चादर धरलेले चार जण हसत कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि जिला ती दिली ती बाई खाली पाहत आहे. डाव्या हातास कळू नये असे जे प्रभूने सांगितले, ते आता साऱ्या तालुक्यास कळते. चादर उबदार होती, ती कोणी परत घ्यावी असे मी म्हणत नाही. पण जिची तसबीर काढली त्या बाईस, ‘काढू का?’ असे कोणी विचारले होते काय? तिचे नाव त्या चौघांपैकी एकास तरी ठाऊक आहे काय? दुसऱ्याची गरज ही आपल्या चांगुलपणाची पार्श्वभूमी नव्हे. हर्णैच्या वाळूवर मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी परक्याने कॅमेरा रोखला तर कधी कधी तोंडावर पदर ओढतात. त्यांस लाज वाटते असे नव्हे. आपल्याकडे पाहणारा आपल्याशी बोललेला नाही, हे त्यांस कळते.

तेव्हा उपदेशकांनी व मंडळीतील वडिलांनी येत्या हंगामात असे करावे. टोळी उतरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, सायंकाळी, मोबाइल घरी ठेवून कोप्यांवर जावे. उपदेश करावयास नव्हे, बसावयास. बायकांशी बोलावयास आपल्या बायकांनी जावे. गाव कोणते, मुले किती, कोणत्या इयत्तेत होती, कोणी गरोदर आहे काय, कोणास ताप आहे काय, एवढे विचारावे आणि ध्यानात ठेवावे. मुलांची नावे गावच्या शाळेतील गुरुजींच्या कानी घालावीत. परगावच्या मुलास हंगामापुरते शाळेत घेता येते, पण कोणीतरी त्यास हात धरून तेथवर न्यावे लागते. गरोदर बाईची बातमी आशाताईस सांगावी. मंदिराच्या आवारात नळ असेल तर तो कोणत्या वेळी उघडा असतो हे त्यांस कळवावे, आणि मग त्या वेळी तो खरोखर उघडा ठेवावा. ह्यास वर्गणी लागत नाही. टोळीस ख्रिस्ताचे नाव ठाऊक असो वा नसो, ह्यातले काही त्यावर अवलंबून नाही. सरोवरातल्या त्या रात्री शिष्यांनीदेखील त्यास ओळखिले नव्हते, भूत समजून ते ओरडले होते, तरी तो गेला.

आता शेवटचा शास्त्रभाग. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात पौल कैदी म्हणून रोमेस नेला जात आहे. शिडाच्या जहाजाचे इतके बारीक वर्णन साऱ्या शास्त्रात दुसरे नाही. घरी एकेक वचन सावकाश वाचावे. दक्षिणेचा मंद वारा सुटतो तेव्हा सर्वांस वाटते, साधले. मग ईशान्येकडून तुफान कोसळते. शिडाचे सामान खाली उतरविले जाते; जहाज फुटू नये म्हणून त्यास दोरांनी आवळितात; माल, आणि तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामानसुद्धा समुद्रात टाकितात. पुष्कळ दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचे खलाशांस वाटते. सकाळी पुढचे शीड वाऱ्यावर सोडून ते वाळूच्या पुळणीकडे जहाज हाकितात, ते रुतते, मागचा भाग लाटांनी फुटू लागतो, आणि पोहता येणारे पोहत, बाकीचे फळ्यांवर व तुकड्यांवर, असे सर्व जण काठास लागतात. २७६ माणसे, कैदी, शिपाई, खलाशी, व्यापारी. एकही बुडाला नाही.

ते बेट मिलिता, ज्यास आज माल्टा म्हणतात. तेथले लोक समुद्राकाठचे. फुटणारे जहाज त्यांनी पाहिले असेल. लूकने त्यांस जो शब्द लाविला आहे तो परभाषिक, रांगड्या लोकांस लावावयाचा आहे. ते ख्रिस्ती नव्हते, यहूदी नव्हते, आणि पाण्यातून बाहेर पडणाऱ्यांपैकी कोण कैदी, कोण सुभेदार, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाऊस लागला होता आणि थंडी होती. त्या लोकांनी विस्तव पेटविला आणि त्या सर्वांस जवळ घेतले. भिजलेल्या लाकडांचा विस्तव पावसात पेटविणे किती कठीण असते, हे चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या बायांस सांगावयास नको. आणि तो दोघाचौघांपुरता नव्हता, पावणेतीनशे माणसांस पुरेल एवढा होता.

आणि चौदा दिवस लाटांत राहिलेला, पोहून अगर फळीवर आलेला, कैदी असलेला पौल त्या विस्तवाजवळ स्वस्थ बसला नाही. लूक लिहितो की तो उठला, काटक्या गोळा करू लागला, आणि त्यांची मोळी आणून त्याने विस्तवावर घातली.